मॉस्को येथील स्त्रियांची हॉकी : एका सुवर्णपदकाची व एका चौथ्या जागेची हकीकत

भगिनींनो, १९८० साली मॉस्को येथे ऑलिंपिक सामने झाले. त्यात आपल्या देशाच्या पुरुषांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्याच मॉस्कोत, त्याच आठवड्यात, आपल्या बायकाही हॉकी खेळत होत्या आणि त्या चौथ्या आल्या, हे मी विचारले तेव्हा आपल्या मंडळातल्या एकीलाही सांगता आले नाही. त्या वर्षी बायकांत पहिले कोण आले, हे तर कोणाच्या स्वप्नातही नसेल. म्हणून या वेळच्या स्मरणिकेत पाककृती न देता ही हकीकत लिहावयास घेतली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत आम्हा मुलींना लेझीम आणि खो-खो असे. हॉकीची काठी मी कधी हातात धरलेली नाही. तरी वाचनालयातील पुस्तके, जुनी वर्तमानपत्रे व मुलीची मदत यांच्या जोरावर जे खात्रीचे वाटले तेवढेच येथे मांडले आहे.

प्रथम थोडे मागे गेले पाहिजे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ साली लंडन येथे आली. बायकांची हॉकी आली ती १९८० साली. मध्ये बहात्तर वर्षे गेली! एवढ्या काळात घरात तीन पिढ्या होतात. बायकांना तोवर हॉकी येत नव्हती असे मुळीच नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मुली कॉलेजांतून पायघोळ झगे सावरीत हॉकी खेळत असत. (आपल्या आज्यांचे नऊवारी काष्ट्याचे लुगडे धावायला त्या झग्याहून कितीतरी सोयीचे, असे मला आपले वाटते.) १८९५ साली तेथील बायकांनी आपली एक संस्था काढली आणि पुरुषांच्या हॉकी संस्थेकडे मान्यता मागितली. उत्तर आले, की आमची संस्था पुरुषांच्या खेळासाठी आहे, बायकांशी तिला कर्तव्य नाही. त्यावर रडत न बसता त्या बायकांनी ठरविले, की मग आमच्या संस्थेचे पदाधिकारीही फक्त बायकाच राहतील. मला हे वाचून फार गंमत वाटली. आपल्याही मंडळाच्या आरंभी हिशेब ठेवायला एखादा पुरुष घ्यावा की काय, अशी चर्चा झाल्याचे जुन्या सभासद सांगतात, आणि मग तो हिशेब कोणी ठेवला हे त्यांच्या तोंडूनच ऐकावे.

पुढे १९२७ साली आठ देशांच्या स्त्रियांनी मिळून आपला आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. त्यांची एक समजूत मात्र मला थोडी सोवळेपणाची वाटते. खेळ हा खेळासाठी खेळावा, चषक आणि पदके यांच्या मागे लागू नये, असे त्या मानीत. विचार थोर खरा. पण त्यामुळे झाले असे, की पुरुष पदके मिळवीत राहिले आणि बायका सामने खेळून चहा घेऊन आपापल्या घरी जात राहिल्या. पदक नाही म्हणून बातमी नाही, आणि बातमी नाही म्हणून मैदान नाही. पुरुषांच्या बाजूच्या जागतिक हॉकी संघाने १९७४ साली फ्रान्समधील मांदलियू या गावी स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरविली. तेथे नेदरलंड्स पहिले, अर्जेंटिना दुसरे, पश्चिम जर्मनी तिसरे आणि आपला भारत चौथा आला. हा चौथा क्रमांक ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आता मॉस्को. डिसेंबर १९७९ मध्ये रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्याच्या निषेधार्थ अमेरिकेने मॉस्कोच्या सामन्यांवर बहिष्कार पुकारला आणि साठाहून अधिक देश गेले नाहीत. बायकांच्या हॉकीत फक्त सहा संघ खेळावयाचे होते. नेदरलंड्स, पश्चिम जर्मनी, अमेरिका यांच्यासारखे नामांकित संघ आलेच नाहीत. लग्नाची पंगत मांडली आणि मानाचे पाहुणेच रुसले, अशी यजमानांची स्थिती झाली. मग रिकाम्या पानांवर बसवायला धावाधाव करून दुसरे देश बोलावण्यात आले. शेवटी सहा संघ उभे राहिले ते असे : यजमान सोव्हिएत रशिया, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, ऑस्ट्रिया, भारत आणि झिंबाब्वे.

यातल्या झिंबाब्वेची कथा सर्वांत निराळी. हा आफ्रिकेतील देश पूर्वी ऱ्होडेशिया म्हणून ओळखला जाई. तेथे मूठभर गोऱ्यांचे राज्य होते व बहुसंख्य काळ्या लोकांना अधिकार नव्हते. म्हणून जगाने त्या देशाला वाळीत टाकले होते. १९७२ साली त्यांचे खेळाडू म्युनिकपर्यंत पोहोचले, पण आफ्रिकेतील इतर देशांनी ‘हे खेळणार असतील तर आम्ही परत जातो’ असे बजाविले, आणि त्यांना दारातून माघारी फिरावे लागले. पुढे लढा झाला, करार झाला, निवडणुका झाल्या आणि १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झिंबाब्वेचा जन्म झाला. मॉस्कोचे सामने १९ जुलैस सुरू व्हायचे होते. म्हणजे देश तीन महिन्यांचा. आपल्याकडे तीन महिन्यांच्या बाळाची मान नुकती सावरू लागलेली असते!

या तान्ह्या देशाला सामन्यांच्या पाच-सहा आठवडे आधी निमंत्रण गेले, की बायकांचा हॉकी संघ पाठवाल काय? संघ म्हणावा असा तयार नव्हताच. घाईघाईने निवड करून सोळा जणी ठरविल्या. या बायकांना खेळाचा पगार नव्हता. आपापली कामे सांभाळून संध्याकाळी मैदानावर जाणाऱ्या त्या. संघातील अँथिया स्ट्युअर्ट या बाई पस्तीस वर्षांच्या होत्या व मुलाबाळांच्या आई होत्या. त्यांचा मुलगा इव्हान पुढे पाण्यात सूर मारण्याच्या खेळात १९९४ साली जगज्जेता झाला. सँड्रा चिक व सोनिया रॉबर्टसन या दोघी जुळ्या बहिणी. संघनायिका अ‍ॅन ग्रँट या पंचवीस वर्षांच्या. यांची ओळख आपल्या घरातील पुरुषमंडळींना द्यायची तर अशी द्यावी : डंकन फ्लेचर यांची ही बहीण. तेच फ्लेचर, जे २०११ ते २०१५ पर्यंत आपल्या क्रिकेट संघाचे प्रशिक्षक होते, आणि १९८३ साली कपिल देव यांनी १७५ धावा काढल्या त्या सामन्यात समोरच्या झिंबाब्वेचे कर्णधार होते. पण येथेही पाहा, बहिणीची ओळख भावावरून द्यावी लागली. खरे म्हणजे सुवर्णपदक बहिणीपाशी आहे.

मॉस्कोला पोहोचल्यावर त्यांच्यापुढे नवीच अडचण उभी राहिली. तेथील मैदान हिरवळीचे नव्हते. १९७६ पासून ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम गवतावर, म्हणजे जाड गालिच्यासारख्या पृष्ठभागावर होऊ लागली होती. झिंबाब्वेच्या बायका जन्मभर मातीतल्या गवतावर खेळलेल्या. तसल्या गालिच्यावर त्यांनी पाऊलसुद्धा टाकले नव्हते. ज्यांना याचे महत्त्व कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. सारवलेल्या अंगणात सागरगोटे खेळणारीला गुळगुळीत फरशीवर बसविले तर काय होईल? गोटा उसळतो निराळा, घरंगळतो निराळा, हाताचा सगळा अंदाज चुकतो. तसेच येथे. गवतावर चेंडू अडखळत येतो, खेळणारीला विचार करायला क्षणभर अवधी मिळतो. गालिच्यावर तो सरळ आणि सुसाट येतो. गवतासाठी केलेले बूटही तेथे कामास येत नाहीत. आपल्या मुलींचीही स्थिती फारशी निराळी नव्हती, कारण आपल्याकडेही त्या काळी सारी हॉकी गवतावर आणि मातीतच चालत असे.

आपल्या संघाची नायिका होती पंजाबची रूपा सैनी. संघातील इतर नावे वाचली की सारा देश डोळ्यांपुढे येतो : वर्षा सोनी, गंगोत्री भंडारी, हरप्रीत गिल, बलविंदर कौर, लॉरेन फर्नांडिस, सेल्मा डिसिल्व्हा, मार्गारेट टोस्कॅनो, नाझलीन मद्रासवाला, हुतोक्षी बगली. आणि आपल्या महाराष्ट्राला विशेष आनंद वाटावा असे नाव म्हणजे एलिझा नेल्सन. या पुण्यात जन्मलेल्या. ख्रिस्ती, पारशी, शीख, हिंदू अशा मुली एका रंगाच्या पोशाखात उभ्या राहिल्या. हॉकीच्या वाढीत ख्रिस्ती व पारशी घरांतील मुलींचा वाटा केवढा मोठा होता, हे त्या यादीवरूनच उमगते. आमच्यासारख्यांच्या घरांतून मुलगी चड्डी घालून मैदानावर जाईल ही गोष्ट तेव्हा बोलायचीही सोय नव्हती. त्या घरांनी ते धाडस आधी केले, हे मान्य केले पाहिजे.

सामने २५ ते ३१ जुलैपर्यंत चालले. उपांत्य नाही, अंतिम नाही. प्रत्येक संघाने बाकीच्या पाचांशी एकेकदा खेळायचे. जिंकल्यास दोन गुण, बरोबरीस एक. ज्याचे गुण अधिक तो पहिला. हिशेब सोपा आहे आणि हिशेबात तर आपण बायका कोणाला हार जाणार नाही, म्हणून तो पुरा मांडते.

आपल्या मुलींनी ऑस्ट्रियाला २-० असे आणि पोलंडला ४-० असे हरविले. चेकोस्लोव्हाकियाकडून त्या १-२ असा एका गोलाने हरल्या. झिंबाब्वेशी १-१ अशी बरोबरी झाली. आणि रशियाकडून १-३ असा पराभव झाला. एकूण गुण पाच. रशियाचे झाले सहा. एका गुणाने रशियाला कांस्यपदक मिळाले आणि आपण चौथ्या राहिलो. मी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून पाहिले : रशियाशी नुसती बरोबरी जरी झाली असती, तर आपले सहा आणि त्यांचे पाच गुण होऊन पदक आपल्याकडे आले असते. जिंकावयाचेसुद्धा नव्हते, फक्त हरावयाचे नव्हते. हे कळल्यावर त्या मुलींना परतीच्या विमानात काय वाटले असेल, याचा विचार करून माझ्या घशात आवंढा आला.

झिंबाब्वेने पोलंडला ४-० हरविले, चेकोस्लोव्हाकियाशी २-२ आणि आपल्याशी १-१ अशी बरोबरी केली, यजमान रशियाला त्यांच्याच घरी २-० असे नमविले. शेवटचा सामना ऑस्ट्रियाशी होता. तो बरोबरीत सुटता तर त्यांचे व चेकोस्लोव्हाकियाचे गुण सारखेच, सात-सात झाले असते. त्यांनी तो ४-१ असा जिंकला. पाच सामन्यांत एकही हार नाही, आठ गुण आणि सुवर्णपदक! ऑलिंपिकमधील बायकांच्या हॉकीचे पहिलेवहिले सुवर्णपदक, ज्या देशाला स्वतःचे नाव मिळून शंभराच्या आसपास दिवस झाले होते त्या देशाला मिळाले. चेकोस्लोव्हाकियाला रौप्य मिळाले.

या विजयाबद्दल दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की बलवान संघ आलेच नव्हते, मग पदकाचे काय मोल? आपल्या मंडळात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका वहिनींनी हेच विचारले. माझे मत असे आहे, की नेदरलंड्स आले असते तर झिंबाब्वे जिंकले नसते हे शक्य आहे, नव्हे बरेचसे संभवनीय आहे. पण घरी बसलेल्यांशी कोणी कसे खेळावे? जो मैदानावर येतो त्याच्याशीच सामना होतो. आणि रशिया काही दुबळा नव्हता. स्वतःच्या देशात, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे, सवयीच्या मैदानावर खेळत होता.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो, आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. देश काळ्या लोकांचा, स्वातंत्र्याचा लढा त्यांनी दिलेला; पण त्या सोळा जणींत एकही काळी स्त्री नव्हती. साऱ्या गोऱ्या. याचे कारण त्या सोळा जणींत शोधायला नको. चांगल्या शाळा, क्लब, राखलेली मैदाने ही वर्षानुवर्षे बहुतांशी गोऱ्यांच्याच हाती होती. ज्यांच्या मुलींना मैदानच दिसले नाही, त्यांच्या मुली संघात येणार कोठून? तीन महिन्यांत झेंडा बदलतो, मैदान बदलत नाही. तरी त्या नव्या झेंड्याखाली या बायका उभ्या राहिल्या आणि सगळ्या देशाने त्यांना ‘सोन्याच्या मुली’ म्हणून डोक्यावर घेतले, हेही तितकेच खरे.

त्यांच्या बक्षिसाची एक गोष्ट सांगतात. विजयी झालेल्या प्रत्येकीला एकेक बैल देण्यात येईल असे जाहीर झाले होते. त्या देशात बैल म्हणजे मोठी संपत्ती, मोठा मान. परत आल्यावर मात्र प्रत्येकीच्या हाती पडली ती मांसाची बांधलेली पुडी! आम्हा शाकाहारी मंडळींना हसावे की रडावे कळेना. पण बक्षीस जाहीर होते एक आणि हाती पडते दुसरे, हा अनुभव घेण्यास झिंबाब्वेला जायला नको. हळदीकुंकवाच्या स्पर्धेत चांदीची वाटी म्हणून स्टीलची वाटी घेतलेल्या आपल्यातही आहेत.

त्यानंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत झिंबाब्वेच्या बायकांना ऑलिंपिकच्या हॉकीत पुन्हा जागा मिळाली नाही. त्या देशाला पुढचे पदक मिळायला चोवीस वर्षे लागली, आणि तेही एका बाईनेच मिळविले. कर्स्टी कॉव्हेंट्री या पोहणाऱ्या मुलीने २००४ साली अथेन्सला आणि २००८ साली बीजिंगला मिळून सात पदके जिंकली. म्हणजे २०२४ पर्यंत झिंबाब्वेच्या खात्यावर ऑलिंपिकची जी आठ पदके जमा झाली, त्यांतले एक त्या सोळा जणींचे आणि सात कर्स्टीबाईंचे. पुरुषांचे एकही नाही. याच कर्स्टी कॉव्हेंट्री २०२५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षा झाल्या. त्या जागेवर त्यांच्या आधी एकही स्त्री बसली नव्हती.

आता पुन्हा आपल्या घराकडे वळू. मॉस्कोनंतर दोन वर्षांनी, १९८२ साली, दिल्लीस आशियाई सामने झाले. रंगीत दूरदर्शन त्याच सुमारास आले म्हणून ते सामने थोरामोठ्यांच्या आठवणीत आहेत. त्यात पुरुषांच्या हॉकीत पाकिस्तानने आपल्याला अंतिम सामन्यात ७-१ असे हरविले. आमच्या सासऱ्यांना तो पराभव मरेपर्यंत सलत होता. जेवताना विषय निघाला तर घास खाली ठेवीत. पण त्याच दिल्लीत, त्याच स्पर्धेत, बायकांची हॉकी प्रथमच ठेवण्यात आली होती आणि भारताच्या बायकांनी सुवर्णपदक जिंकले होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांना ते ठाऊक तरी होते की नाही कोण जाणे. त्या विजयी संघाची नायिका होती आपली पुण्याची एलिझा नेल्सन! १९८१ साली तिला अर्जुन पुरस्कार आणि १९८३ साली पद्मश्री मिळाली. पुरुष जिंकले ते वर्ष पुरुषांमुळे लक्षात राहिले, आणि पुरुष हरले ते वर्षही पुरुषांमुळेच लक्षात राहिले. याला काय म्हणावे ते वाचक भगिनींनीच ठरवावे.

आपल्या मंडळापुढे सध्या एक ठराव आहे, की वसाहतीतील मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवावे अशी मागणी करावयाची. काही ज्येष्ठ भगिनींचा त्यास विरोध आहे. मुली पडतील, काळवंडतील, अंधार होईल, आणि मुलांनी जायचे कोठे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मान राखूनच मी विचारते, की गेली वीस वर्षे मुलींनी जायचे कोठे हा प्रश्न कोणी कधी विचारला काय? येत्या सभेत मी ठरावाच्या बाजूने हात वर करणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

दिल्लीच्या त्या सुवर्णानंतर ऑलिंपिकमध्ये आपल्या बायकांची हॉकी दिसली ती एकदम २०१६ साली, ब्राझीलमधील रिओ येथे. मॉस्को ते रिओ, छत्तीस वर्षे. मध्यंतरी २००२ साली मँचेस्टरला राष्ट्रकुल सामन्यांत इंग्लंडला हरवून सुवर्ण मिळविले, त्यावरून सुचलेला सिनेमाही पुढे आला व चालला. रिओला मात्र आपण शेवटच्या, बाराव्या आलो. पुढले ऑलिंपिक टोकियोचे. साथीमुळे ते २०२० ऐवजी २०२१ साली झाले. तेथे आपल्या मुली पहिले तिन्ही सामने हरल्या. मग आयर्लंडला हरविले, दक्षिण आफ्रिकेला हरविले, आणि २ ऑगस्टला ज्यांना हरविणे कोणाच्या मनातही नव्हते त्या ऑस्ट्रेलियाला १-० असे हरविले. गोल गुरजित कौरचा, गोलरक्षण सविताचे, संघनायिका राणी रामपाल. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने २-१ असे हरविले, तरी कांस्यपदकाचा सामना उरला होता. २०२४ च्या पॅरिसला तर आपल्या मुलींना जागाच मिळविता आली नाही, त्यामुळे तो टोकियोचा सामना अजून मनात ताजा आहे.

तो ६ ऑगस्टला, शुक्रवारी, सकाळी सात वाजता होता. समोर ब्रिटन. घरात ऐन डब्यांची वेळ. मी कणकेची परात बाहेरच्या खोलीत आणून टीव्हीपुढे बसले. आधी ०-२ असे मागे पडलो. मग गुरजितने दोन गोल केले, वंदना कटारियाने एक केला आणि मध्यंतराला आपण ३-२ असे पुढे होतो. मुलगी ओरडत उठली, सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. शेवटी ब्रिटनने ४-३ असा सामना घेतला. १९७४ साली चौथ्या, १९८० साली चौथ्या आणि आताही चौथ्याच. मैदानावर मुली रडत होत्या आणि ब्रिटनच्या मुली त्यांना जवळ घेत होत्या. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले व म्हणाल्या, “अगं, त्या गोलकीवालीला पाणी द्या म्हणावं कोणीतरी.” त्या दिवशी ह्यांचा डबा पाऊण तास उशिरा झाला, आणि ह्यांनी त्याबद्दल एक अक्षरही काढले नाही.